मुंबईचा खंडकरी, गोव्याचा वैद्य

मुंबई बेट एकेकाळी एका डॉक्टरच्या नावावर होतं. गार्सिया द ऑर्टा हे त्याचं नाव. १५५० च्या दशकात पोर्तुगीज सरकारने त्याला हे बेट खंडाने दिलं. वर्षाला ठरलेली रक्कम भरायची आणि बेटाचं उत्पन्न घ्यायचं, असा तो व्यवहार. आमच्या कोरपना तालुक्यात 'लीज' हा शब्द शाळकरी पोरांनाही कळतो, कारण चुनखडीच्या खाणी आणि सिमेंट कारखाने इथे डोळ्यांसमोर आहेत. जमीन एकाची, राबणं दुसऱ्याचं आणि कागद तिसऱ्याचा, हे आम्हाला नवं नाही. कदाचित म्हणूनच ऑर्टाचं पुस्तक मी जरा वेगळ्या नजरेने वाचलं.

पुस्तक गोव्यात १० एप्रिल १५६३ ला छापून पूर्ण झालं. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. विषय म्हणजे हिंदुस्थानातल्या औषधी, मसाले, फळं. क्लेमेंट्स मार्कहॅमने १९१३ साली केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर फोनवरही वाचता येतं. पोर्तुगालचा थोर कवी कामोइंश याची पहिली छापील कविता याच पुस्तकात आहे. पण त्यासाठी पुस्तक उघडू नका. उघडायचं तर त्याच्या बांधणीसाठी उघडा.

सगळं पुस्तक संवादात आहे. एका बाजूला स्वतः ऑर्टा, दुसऱ्या बाजूला रुआनो, त्याचा स्पेनमधला जुना सहाध्यायी. रुआनो हे कल्पित पात्र आहे. तो ग्रीक आणि अरब ग्रंथांचे दाखले देतो. ऑर्टा म्हणतो, मी हे झाड डोळ्यांनी पाहिलंय, तुमचे ग्रंथ चुकले. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलायची हिंमत झाली नसती, असंही तो एका ठिकाणी सांगतो. इथे, समुद्रापलीकडे, त्याला मोकळं वाटतंय. पटकीचं त्याने केलेलं वर्णन युरोपीय वैद्यकातल्या सुरुवातीच्या वर्णनांपैकी एक मानलं जातं, आणि रोगाचं इथलं नावही तो नोंदवतो. ते आपल्या 'मोडशी'चंच रूप. पुढे फ्रेंचांनी त्याच शब्दाचं 'कुत्र्याचं मरण' अशा अर्थाचं काहीतरी करून टाकलं!

या गप्पांमधून एक सुखवस्तू घर दिसत राहतं. बाग आहे, जेवणं आहेत, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या मैत्रीच्या आठवणी आहेत. आंब्याच्या संवादात मुंबईहून सिमाँव तोस्कानो हा ऑर्टाचा कूळ येतो. गव्हर्नरला भेट द्यायला त्याने आंब्यांची टोपली आणलेली असते. बेटावर वर्षातून दोनदा फळणारं एक आंब्याचं झाडही आहे म्हणे. वाचताना तोंडाला पाणी सुटतं, आणि लेखकाला तेच हवं असावं.

पण या घरात बायका कुठे आहेत? बायको होती, ब्रियांदा द सोलिस. दोन मुली होत्या. आई आणि बहिणीही गोव्यात होत्या. पुस्तकात त्या जवळपास नाहीतच. हे कुटुंब स्पेनमधून १४९२ साली हाकललेल्या ज्यूंचं. पोर्तुगालमध्ये १४९७ साली अशा ज्यूंवर बाप्तिस्मा लादला गेला. ऑर्टा १५३४ मध्ये हिंदुस्थानच्या जहाजात बसला. मागे राहिलेल्या बहिणींना लिस्बनमध्ये इन्क्विझिशनने पकडलं, तेव्हा सुटकेनंतर त्या १५४९ साली भावाकडे आल्या. १५६० साली इन्क्विझिशन त्यांच्या मागोमाग गोव्यातही आलं. पुस्तक छापलं त्याच्या तीनच वर्षं आधी.

हे कळल्यावर संवादाची बांधणी निराळी दिसू लागते. शंका घ्यायच्या त्या गॅलनबद्दल. वाद घालायचा तो आल्यावर, अफूवर, दालचिनीवर. घरातलं काहीही बोलायचं नाही. दोन माणसं पानोपानी बोलत राहतात, आणि या बडबडीआड एक अख्खं कुटुंब श्वास रोखून उभं असतं. ऑर्टा १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १५६९ मध्ये, बहीण कातारिनाला गोव्यात जाळलं. १५८० साली त्याची स्वतःची हाडं उकरून जाळली. बेटाचा खंड, व्हाइसरॉयची ओळख, निजामशाहाची मैत्री, यांपैकी काहीच उपयोगी पडलं नाही.

म्हणून ऑर्टाला हुतात्मा ठरवणं सोपं आहे. त्याला विज्ञानाचा नायक करणं तर त्याहून सोपं. पोर्तुगालने त्याचं चित्र वीस एस्कुदोच्या नोटेवर छापलं, पणजीतल्या बागेला त्याचं नाव मिळालं. दोन्ही गौरव खोटे नाहीत. तरी माझी नजर अन्तोनिया नावाच्या मुलीवर अडकते. ती घरातली चाकर, बहुधा गुलाम. चर्चा अडली की ऑर्टा तिला हाक मारतो, ती झाडपाला घेऊन येते, आणि चर्चा पुढे सरकते. कुठलं पान कुठे मिळतं हे तिला ठाऊक आहे. ती काय म्हणते, ते विचारलं जात नाही. मालुपा नावाचा हिंदू वैद्य मात्र संवादात येऊन बोलतो. वसईकडच्या कुणबी, माळी या जातींची माहितीही ऑर्टा देतो. कुळाला नाव आहे, वैद्याला नाव आहे. बेटाचा खंड ज्यांच्या भातातून आणि माडातून निघत होता, ते फक्त जातीच्या नावाने उरतात.

कोरपना-जिवतीकडच्या गोंड-कोलाम बाया मोह, हिरडा, बेहडा, चारोळी वेचून आणतात. बाजारात पोचेपर्यंत माल व्यापाऱ्याचा होतो, पुस्तकात पोचेपर्यंत ज्ञान लेखकाचं. ऑर्टाने निदान अन्तोनियाला संवादात येऊ दिलं. त्याच्या काळाच्या मानाने ही छोटी गोष्ट नाही, आणि पुस्तक आजही जिवंत वाटतं ते अशाच जागांमुळे.

छळ सोसलेला माणूस दुसऱ्याच्या जमिनीचा खंडकरी असू शकतो, आणि खंडकरी असूनही त्याचा छळ खराच असतो. एक बाजू दुसरीची वजाबाकी करत नाही. या पुस्तकाचं परीक्षण करताना ऑर्टाला माफ करायचं की नाही, हा प्रश्न मला कमी महत्त्वाचा वाटतो. त्यापेक्षा प्रत्येक पानावर पाहावं, की झाडपाला कोणी आणला.