स्वप्न मुलाचे, कस बापाचा

बालपणीच्या स्वप्नांची आकांक्षा कशी होते, हे उमगण्यासाठी डॉ. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) पुन्हा वाचावे, असे आम्हांस वाटते. ओझरची येसकरकी झुगारून दामोदर जाधव मुंबईस आले व पुढे पोर्ट ट्रस्टमध्ये राबले. मुलाने अमुकच व्हावे, असा हट्ट त्यांनी धरला नाही. जे करशील त्यात अव्वल ठर, एवढाच त्यांचा आग्रह. मुलगा अर्थतज्ज्ञ झाला. बापाचे बोलीतील कथन रसरशीत आहे. त्यापुढे मुलांच्या यशाचा वृत्तान्त फिका पडतो, हे या पुस्तकाचे उणेपण होय.

१९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. तिच्या आधाराने वाढलेल्या खुर्सीपारच्या कामगार-वस्तीतही असे बाप असतीलच. आम्ही बदलीवर आलेली अधिकारी मंडळी मात्र मुलांपुढे बहुधा आपलीच खुर्ची मांडतो. मुलगा तीवर बसतोही; परंतु त्याचे स्वतःचे स्वप्न कोणते होते, हे आम्ही त्याला विचारलेलेच नसते. दामोदररावांपाशी मुलाला देण्याजोगी खुर्ची नव्हती. म्हणूनच की काय, त्यांनी त्याला निवड दिली.