हाताने जोडलेला संगणक : चालतो, पण वाचता येतो का?

आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. घरी 'रेट्रो' संगणक बनवणे. म्हणजे काय, तर १९७५-७६ च्या सुमाराचा एखादा मायक्रोप्रोसेसर घ्यायचा, त्याला मेमरी, क्लॉक, दिवे, बटणं जोडायची आणि एकाच पाटीवर अख्खा संगणक उभा करायचा. नाटकाचं, पुस्तकाचं परीक्षण होतं, तसं आम्ही आज या पाटीचं करणार आहोत. वाशीममधला एखादा मुलगा किंवा मुलगी यात खिशातले पैसे आणि सुटीचे दिवस घालणार असेल, तर हाती नेमकं काय लागतं, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं ना?

आधी 'रेट्रो' हा शब्दच तपासू. इंग्लंड-अमेरिकेत एका पिढीच्या घरात हे संगणक होते, म्हणून तिथे या छंदामागे बालपणाची ओढ आहे. आपल्याकडे १९८४ मध्ये 'क्लास' या सरकारी योजनेतून काही शाळांत बीबीसी मायक्रो आले, पण ते मोजक्याच ठिकाणी. बाकीच्यांकडे आठवणच नाही, तर तिची ओढ कुठून आणायची? ती उसनी घेऊ नये, असं आमचं मत आहे. हा संगणक आपल्याला जुना म्हणून नको, तो उघडा आहे म्हणून हवा. इंटेलच्या ८०८५ मध्ये सुमारे ६,५०० ट्रान्झिस्टर आणि ४० पाय. कोणता पाय काय करतो, हे एक माणूस एका उन्हाळ्यात समजून घेऊ शकतो. खिशातल्या मोबाईलबद्दल असं कुणालाच म्हणता येणार नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्या तंत्रनिकेतनांत ८०८५ चे ट्रेनर किट आहेतच की! आहेत. रमेश गावकरांचं ८०८५ वरचं पुस्तक वाचून कितीतरी अभियंते घडले. पण प्रयोगशाळेत होतं काय, बघा. विद्यार्थी कीपॅडवर ३ई, ०५, ०६, ०३, ८० असे आकडे दाबतो. पाच आणि तीनची बेरीज होते, उत्तर आठ. जर्नल लिहिलं, सही झाली, संपलं. आकडा कीपॅडवरून मेमरीत कसा गेला, समोरचा डिस्प्ले कुणी पेटवला, हे सगळं किटमधला मॉनिटर प्रोग्रॅम आधीच करून ठेवतो. किट वाईट नाही, आज्ञावली शिकायला उत्तम आहे. पण संगणक कसा उभा राहतो, हे तो झाकूनच ठेवतो.

दुसरा मार्ग म्हणजे तयार सर्किट बोर्ड मागवायचा, चिपा बसवायच्या, सोल्डर करायचं. दोन दिवसांत पडद्यावर अक्षरं उमटतात. आनंद खरा आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण आपण वाशीमची माणसं. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट आपल्या गावाच्या नावाने ओळखला जातो. त्यात वंशावळ संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात आहे. तो पट नुसता घरात असून उपयोग नव्हता, तो वाचणारे भेटले तेव्हा इतिहास कळला. सर्किट बोर्डही तांब्याचाच पट आहे. छापील खुणांवर भाग बसवत जाणं म्हणजे न वाचता नक्कल करणं. आणि बोर्ड बंद पडला, की नक्कल करणारा तिथेच अडकतो.

म्हणून नवशिक्याने ब्रेडबोर्डवर सुरुवात करावी, तीही मेमरीशिवाय. झेड-८० ची सीमॉस जातीची चिप घ्या, तिचं क्लॉक हवं तेवढं हळू चालवता येतं. डेटाचे आठही पाय रेझिस्टरमधून ग्राउंडला जोडा. प्रोसेसर जिथे वाचेल तिथे त्याला शून्यच मिळेल, आणि झेड-८० च्या भाषेत शून्य म्हणजे 'काही करू नकोस, पुढे चल'. तो पुढे पुढे जात राहतो. अ‍ॅड्रेसच्या खालच्या चार पायांना रेझिस्टर घालून दिवे लावले, की ते दिवे द्विमान पद्धतीने मोजू लागतात. एवढंच. पण त्या क्षणी संगणक म्हणजे काय, हे डोळ्यांना दिसतं.

इथे बहुतेकांचं घोडं कुठे अडतं, तेही सांगतो. वेट, इंटरप्ट, बस-रिक्वेस्ट हे पाय मोकळे सोडलेले असतात. ते पाच व्होल्टला बांधायलाच हवेत, नाहीतर चिप मनमानी करते. प्रत्येक चिपजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. आणि बाजारात जुन्या चिपेवर नवा शिक्का मारून विकणारेही आहेत, तेव्हा एकाच्या जागी दोन घ्या.

मग आपली ओळखीची ८०८५ का नको? कारण तिच्यात अ‍ॅड्रेस आणि डेटा एकाच आठ पायांवर आळीपाळीने येतात. ते वेगळे करायला लॅच लागतो. शिवाय जुनी ८०८५ फार हळू क्लॉकवर चालत नाही, त्यामुळे दिवे मोजताना बघण्याची मजा जाते. ती दुसऱ्या पायरीवर घ्यावी. झेड-८० ची मूळ मालिका बंद करत असल्याचं झायलॉगने २०२४ मध्ये जाहीर केलं, ही अडचण आहेच. त्या दृष्टीने ६५सी०२ बरी, ती आजही नवी बनते. तिथे शून्याऐवजी 'ईए' हा आकडा बांधावा लागतो, इतकाच फरक.

'एवढ्याशा दिव्यांसाठी एवढा खटाटोप?' असा आक्षेप येतो. त्याला आमचं उत्तर मुंबईतलं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या छोट्या गटाने संगणक बांधायला घेतला, तेव्हा गटातल्या बहुतेकांनी त्याआधी संगणक वापरलाही नव्हता. त्यांनी थेट मोठं यंत्र केलं नाही. आधी एक लहान प्रायोगिक यंत्र केलं, ते १९५६ मध्ये चाललं. त्यावर शिकून २,७०० व्हॅक्यूम ट्यूबचं मोठं यंत्र १९६० मध्ये उभं राहिलं. १९६२ मध्ये त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळालं. म्हणजे नवशिकेपणा आड आला नाही, कारण पायऱ्या गाळल्या नाहीत.

तेव्हा अशी पाटी कुणी दाखवली, तर ती चालते का, एवढंच विचारू नका. तिच्यातली एक वायर काढा आणि विचारा, 'आता काय होईल, आणि का?' आपल्या मराठीत, घरच्यांना कळेल असं उत्तर आलं, तर तो संगणक त्या मुलीचा झाला. नाही आलं, तर पाटी कितीही देखणी असो, ती अजून दुकानदाराचीच आहे.

आता प्रश्न घेऊ या.