विषादाची कथा आणि औषधाची निवड

विल्यम स्टायरन या अमेरिकन कादंबरीकाराचें ‘डार्कनेस व्हिजिबल’ हें लहानसें पुस्तक १९९० सालीं प्रसिद्ध झालें. स्वतःस जडलेल्या विषादरोगाची ती हकीकत आहे. १९८९ सालीं दिलेलें एक व्याख्यान आणि त्याच वर्षीं ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकांत आलेला लेख यांचें तें वाढविलेलें रूप होय. शंभर पानेंहि न भरणाऱ्या या पुस्तकाचा गौरव पुष्कळ झाला आहे, व तो बव्हंशीं यथार्थ आहे. तथापि आज त्याकडे पुन्हां वळण्याचें कारण केवळ वाङ्मयीन नाहीं.

कांहीं आठवड्यांपूर्वीं आमचा एक जुना विद्यार्थी, जो आतां स्वतः अध्यापक आहे, आमच्या घरीं आला. त्याच्या खिशांत सर्ट्रालिन या औषधाच्या गोळ्यांची पट्टी होती. अकरा दिवस झाले तरी तींतील एकहि गोळी त्यानें काढली नव्हती. “सर, डॉक्टरांनीं दिल्या आहेत, पण हें सारें वाचल्यावर घ्याव्या तरी कशा?” असें म्हणून त्यानें दोन वस्तु मेजावर ठेवल्या : औषधाबरोबर आलेलें माहितीपत्रक आणि स्टायरनचें पुस्तक. तें पुस्तक पूर्वीं वर्गांत आम्हींच त्याला वाचावयास सांगितलें होतें. टीकाकारानें केलेली शिफारस कोठवर पोंचते याचा विचार आम्हीं त्या दिवसापूर्वीं गंभीरपणें केला नव्हता, हें कबूल केलें पाहिजे.

पुस्तकाचा पहिला गुण त्याच्या शब्दविवेकांत आहे. ‘डिप्रेशन’ हा शब्द या व्याधीस अगदींच मिळमिळीत आहे. जमिनींतील खळग्याला आणि बाजारांतील मंदीलाहि तोच लागतो, अशी स्टायरनची तक्रार आहे. आमच्या भाषेची स्थिति याहून बरी आहे असें नाहीं. ‘उदास वाटतें’, ‘मन लागत नाहीं’ एवढ्या शब्दांत चार दिवसांची हुरहूर आणि महिनोन्महिने अंथरुणांतून उठूं न देणारी व्याधि या दोहोंची एकच वासलात लागते. त्यांत गीतेच्या पहिल्या अध्यायाचें नांव ‘अर्जुनविषादयोग’ असल्यामुळें आमच्या सुशिक्षितांस विषाद हा उपदेशानें फिटणारा मोह वाटतो. परंतु अर्जुनाजवळ आपलें दुःख मांडण्यास शब्द होते. स्टायरन हा शब्दांवर जगणारा मनुष्य. त्याचा आवाजसुद्धां या व्याधींत क्षीण झाला. हा फरक त्यानें ज्या संयमानें दाखविला आहे तो थोड्यांनाच साधेल.

आतां त्यांतील औषधांची हकीकत पाहूं. १९८५ सालीं व्याधीनें त्याला ग्रासलें, तेव्हां वैद्यानें प्रथम ल्युडिओमिल, म्हणजे मॅप्रोटिलिन, दिलें. त्यानें अस्वस्थता वाढली व लघवीस अडथळा होऊं लागला. पुढें नार्डिल, म्हणजे फेनेल्झिन, आलें आणि त्याबरोबर खाण्यापिण्याचीं बंधनें आलीं. निद्रेसाठीं घेतलेल्या हॅल्सिअनच्या मोठ्या मात्रेमुळें आत्मघाताचे विचार बळावले असा त्याचा निष्कर्ष आहे. अखेर इस्पितळांत सुमारें सात आठवडे काढल्यावर, एकांत आणि काल यांनीं आपणांस बरें केलें, असें तो सांगतो.

यांतील एकहि गोष्ट खोटी मानण्याचें कारण नाहीं. सर्वच औषधें टाकाऊ आहेत असेंहि स्टायरन म्हणत नाहीं. दोष आहे तो कथेच्या घडणींत. कथेला खलपुरुष लागतो, आणि येथें तें काम गोळ्यांकडे आलें आहे. उलट, ज्याला औषधानें तिसऱ्या आठवड्यांत झोंप लागूं लागली व पुढें महिन्याभरांत कामावर जातां आलें, तो पुस्तक लिहीत बसत नाहीं. त्याच्याजवळ सांगण्यासारखें कथानकच नसतें. म्हणून या विषयावरील आत्मकथनांत फसलेल्या औषधांची गर्दी होते, आणि तिलाच वाचक अनुभवाचा कौल समजतो. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सारा भात एकाच भांड्यांत शिजलेला असतो. माणसें तशीं शिजलेलीं नसतात. शिवाय काळ बदलला आहे. प्रोझॅकला अमेरिकेंत परवानगी मिळाली ती १९८७ च्या अखेरीस, म्हणजे स्टायरनच्या आजारानंतर. त्याला मिळालेलीं औषधें आज सहसा कोणी वैद्य प्रथम देत नाहीं.

याच्या उलट टोंकाचा दोषहि वाङ्मयांत आहे. पीटर क्रेमर या मानसरोगवैद्याचें ‘लिसनिंग टू प्रोझॅक’ १९९३ सालीं निघालें. औषधानें कांहीं माणसें नुसतीं बरीं न होतां पूर्वींहून सरस होतात, तें कसें व तें इष्ट काय, हा त्यांतील प्रश्न. प्रश्न विचारणारा जपून होता, पण वाचकांपैकीं पुष्कळांनीं प्रश्न टाकून उत्तर तेवढें घेतलें. ‘पी हळद आणि हो गोरी’ असें या औषधांचें नाहीं. त्यांचा गुण दिसावयास बहुधा दोन ते सहा आठवडे जातात, आणि त्रास मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होऊं शकतो. नेमका याच संधिकालांत मनुष्य औषध सोडतो.

आतां तें माहितीपत्रक. तोहि एक वाङ्मयप्रकार मानला तर त्याचा मुख्य दोष प्रमाणाचा अभाव हा होय. मळमळ, जुलाब, घाम, निद्रानाश, कामेच्छेंतील मंदता, रक्तस्राव, झटके, असें सारें एका पंक्तींत बसविलेलें असतें. युरोपांतील पत्रकांत ‘सामान्य’ म्हणजे शंभरांत एक ते दहांत एक आणि ‘क्वचित्’ म्हणजे दहा हजारांत एक ते हजारांत एक, असा ठराविक अर्थ आहे. पण भ्यालेल्या वाचकाला पंक्ति दिसते, पानें मोजण्याचें त्याला सुचत नाहीं.

मग निवड करावी कशी? २०१८ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें एकवीस औषधांचा तौलनिक आढावा आला. ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण त्यांत होते. एकवीसहि औषधें निर्गुण गोळीपेक्षां सरस ठरलीं; परंतु त्यांच्या आपसांतील गुणांत अंतर फार नव्हतें. याचा अर्थ असा कीं, निवड बहुतांशीं कोणता त्रास कोणाला सोसवेल यावर ठरते. मिर्टाझापिननें झोंप येते, पण वजन वाढतें. अन्न न जाणाऱ्या कृश मनुष्यास तोच दोष गुण ठरतो. ब्युप्रोपिऑन कामजीवनास फारसा धक्का लावीत नाहीं, पण ज्याला फेफरें येतें त्याला तें वर्ज्य आहे. व्हेन्लाफॅक्सिन रक्तदाब वाढवूं शकतें, व तें एकाएकीं सोडल्यास भोंवळ व अंगांत विजेसारखे झटके येतात. सर्ट्रालिननें पोट बिघडतें, पण तें बहुधा दोन आठवड्यांत सांवरतें. कामेच्छेची मंदता मात्र टिकूं शकते, आणि ती वैद्याला सांगण्यास लाजूं नये. पंचविशीच्या आंतील रुग्णावर आरंभीं विशेष लक्ष ठेवावें लागतें. आत्मघाताच्या विचारांविषयींची अमेरिकेंतील ठळक सूचना २००४ सालीं मुलांसाठीं निघाली व २००७ सालीं २४ वर्षांपर्यंत वाढविण्यांत आली. आणि पहिलेंच औषध लागू पडेल असाहि नेम नाहीं.

‘रोगापेक्षां इलाज भयंकर’ ही म्हण आमच्या विद्यार्थ्यानेंहि उच्चारली. परंतु म्हणींत तराजूचीं दोन पारडीं आहेत, हें तो विसरला होता. औषध न घेणें हीहि एक निवडच आहे, आणि तिचे दुष्परिणाम कोणत्याहि माहितीपत्रकावर छापलेले नसतात. ते स्टायरनच्या पुस्तकांत छापलेले आहेत! निजलेल्या घरांत एकटा बसून मरणाची तयारी करणारा, आणि एका गीताचे सूर कानीं पडतांच हें सारें टाकून आपण जाऊं शकत नाहीं असें उमगून पत्नीला जागें करणारा तो मनुष्य, हें त्या पुस्तकाचें मर्म आहे. आम्हीं तें पुस्तक औषधांचें माहितीपत्रक म्हणून वाचूं दिलें, ही आमची चूक. तें रोगाचें माहितीपत्रक आहे, आणि त्या दृष्टीनें त्याला जोड नाहीं.

विद्यार्थ्यास आम्हीं कोणतेंहि औषध सुचविलें नाहीं; तो आमचा अधिकार नव्हे. तीन प्रश्न लिहून देऊन त्याला त्याच्या डॉक्टरांकडे परत पाठविलें : पहिल्या पंधरवड्यांत काय सोसावें लागेल, काय झाल्यास त्याच दिवशीं कळवावें, आणि गुण न आल्यास पुढें काय. तो गेला. तो बरा झाला असें लिहून लेख गोड करण्याचा मोह होतो. पण औषध सुरू होऊन त्याला आज अवघे सोळा दिवस झाले आहेत. मळमळ थांबली आहे, मन अजून उचललें नाहीं. पुस्तक त्यानें आमच्याकडेच ठेवलें आहे.