वल्हांडण आणि ईस्टर : कालनिर्णयाच्या एका नियमाचें परीक्षण

ख्रिस्ती लोकांचा ईस्टर म्हणजे यहुदी लोकांच्या वल्हांडण सणानंतरचा पहिला रविवार, असा एक नियम सांगण्यांत येतो. व त्यावरून मिती नसलेल्या कागदांचा काळ ठरविण्याचा मोह होतो. आमच्या मतें हा नियम कालनिर्णयाच्या कामीं सदोष आहे.

मूळ संबंध खरा आहे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. ख्रिस्ताचें मरण व पुनरुत्थान हीं शुभवर्तमानांत वल्हांडणाच्या सुमारासच सांगितलीं आहेत. हा सण निसान महिन्याच्या १५ व्या दिवशीं, म्हणजे पौर्णिमेच्या आसपास येतो. परंतु इ. स. ३२५ च्या निकिया येथील धर्मपरिषदेनें ईस्टरचा निर्णय यहुदी गणनेवर अवलंबून ठेवूं नये असें ठरविलें. पुढें रूढ झालेला नियम असा कीं, २१ मार्च रोजीं वा त्यानंतर येणारी गणितागत पौर्णिमा धरावी व तिच्या पुढील रविवारीं ईस्टर करावा. उलट यहुदी पंचांगांत १९ वर्षांत ७ अधिक मास येतात. अधिक अदार पडला म्हणजे निसान महिनाभर पुढें जातो. अधिक मासाची कल्पना आपल्या वाचकांस नवी नाहीं. या भेदामुळें सांप्रत १९ पैकीं ३ वर्षीं ईस्टर एका पौर्णिमेला धरून येतो, तर वल्हांडण पुढच्या पौर्णिमेला.

सन २०२४ चें उदाहरण पाहावें. ईस्टर ३१ मार्चला, आपल्या होळीच्या पौर्णिमेमागून, आला. वल्हांडणाचा पहिला दिवस २३ एप्रिलला, हनुमान जयंतीच्या दिवशीं, पडला. म्हणजे ईस्टरच २३ दिवस आधीं! पन्नास दिवसांच्या गणनेनें येणारे पुढील सणही तसेच दुरावले : ख्रिस्ती पेंटेकॉस्ट १९ मेला, यहुद्यांचा सप्ताहांचा सण १२ जूनला. सन २००५, २००८ व २०१६ यांतही हाच प्रकार घडला.

कोंकणांतील बेने-इस्राएल घराण्यांचीं मराठी पत्रें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं वल्हांडणाच्या उल्लेखावरून ईस्टरमार्गें तारीख काढूं नये. महिन्याची चूक होईल. यहुदी वर्षावरूनच गणित करावें. ताळ्यास एक कसोटी आहे : रूढ यहुदी गणितानें वल्हांडणाचा पहिला दिवस सोमवारीं, बुधवारीं वा शुक्रवारीं येत नाहीं. मात्र यहुदी दिवस आदल्या सूर्यास्तापासून सुरू होतो; सणाची पहिली रात्र आपल्या गणनेनें आदल्या वारीं पडते. तसेंच, १७५२ पूर्वींच्या इंग्रजी कागदांतील ईस्टर ज्युलियन गणनेचा असतो, हेंही विसरूं नये.

दोन सणांचें मूळ एक म्हणून त्यांचें पंचांग एक होत नाहीं. श्रद्धेच्या इतिहासांत जें साम्य मोलाचें, तेंच कालनिर्णयांत संशोधकास फसवितें.