दोन इश्माएल

‘उत्पत्ती’च्या ग्रंथातील इश्माएल हा अब्राहामाचा थोरला, परंतु दासीपुत्र. इसहाकाच्या जन्मानंतर त्याला हागारेसह अरण्यात घालवून देण्यात आले. ‘देव ऐकतो’ हा त्याच्या नावाचा अर्थ. नवल असे की, ज्याचे ऐकले गेले त्या मुलाच्या मुखी ग्रंथकाराने एकही वाक्य घातलेले नाही. तहानलेल्या मुलाचा आवाज देवाने ऐकला आणि हागारेस विहीर दिसली, एवढेच कळते.

डॅनियल क्विन या अमेरिकन लेखकाच्या ‘इश्माएल’ (१९९२) या कादंबरीतील त्याचा नामबंधू एक गोरिला आहे. हा मात्र अखंड बोलतो. मनुष्य हा पृथ्वीचा स्वामी नव्हे, ही त्याची शिकवण. काईनाने केलेला हाबेलाचा वध म्हणजे शेतकऱ्याने पशुपालकाच्या भूमीवर केलेले आक्रमण, असा अर्थ तो लावतो. हा उलगडा बुद्धीला चालना देतो. परंतु शिष्याचे आक्षेप इतके दुबळे आहेत की, संवादाचे वारंवार प्रवचन होते.

कादंबरीचे खरे बळ तिच्या शेवटात आहे. येथे ऐकणाऱ्या देवाच्या जागी माणूस आला आहे. तो ऐकतो, त्याला पटते. पण गुरूला सोडवण्यास तो परततो तेव्हा गोरिला न्यूमोनियाने मरण पावलेला असतो. पुराणकथेत ऐकण्यापाठोपाठ पाणी आले. येथे केवळ ज्ञान आले. निसर्गाचे ऐकणे आणि त्याला वाचवणे यांतील हे अंतर कोणत्याही प्रवचनाने भरून निघत नाही. गुरूच्या सर्व बोलण्यापेक्षा त्याचे मौनच अखेर अधिक सांगून जाते.