‘०६०३’ म्हणजे नेमके केवढे?

सर्किट बोर्ड आखण्याचे ‘कीकॅड’ हे मोफत सॉफ्टवेअर ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ साली सुरू केले. सुटा भाग बोर्डावर ज्या तांब्याच्या पॅडवर सोल्डर होतो, त्यांची आकृती म्हणजे फूटप्रिंट. ती काढण्याची यातील सोय आम्हाला आवडली.

एक गोष्ट विशेष चांगली. ‘०६०३’ नावाचे रेझिस्टर दोन प्रकारचे असतात. इंची पद्धतीत ते १.६ × ०.८ मिमी, तर मेट्रिक पद्धतीत ०.६ × ०.३ मिमी! कीकॅडच्या संग्रहात दोन्ही पद्धतींचे आकडे नावातच असल्याने घोटाळा टळतो.

उणीव मात्र महत्त्वाची आहे. त्यातील नियमतपासणी पॅडमधील अंतर पाहते. पॅड हातातल्या भागाला जुळतात का, हे तिला कळत नाही. एक पॅड मोठे, दुसरे लहान झाले, तर एका बाजूचे सोल्डर आधी वितळते आणि पृष्ठताणामुळे चिमुकला भाग चक्क उभा राहू शकतो. पडद्यावर सारे बरोबरच दिसते.

म्हणून विद्यार्थ्यांना तयार फूटप्रिंट लगेच देऊ नये. माहितीपत्रकातली मापे घेऊन त्यांनी आकृती काढावी, ती मूळ मापात कागदावर छापावी आणि खरा भाग त्यावर ठेवून पाहावा. मोजण्याची सवय सॉफ्टवेअर लावत नाही; ती आपणच लावायची.