तराजूतला मासा : जुन्या प्राणीरूप दागिन्यांच्या संग्रहाविषयी

(लातूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय तसा हौशी लोकांचा आहे. सोन्याचे मोर, नाग, मासे, म्हणजे प्राण्यांच्या रूपातले जुने दागिने जमवणं. पण लातूर-नांदेडकडच्या माणसाला हा विषय हौसेपाशी थांबवता येत नाही. का, ते सांगतो.

आपल्या भाषेत मासे दोन. एक पाण्यातला. दुसरा सोनाराच्या तराजूतला : आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. आता कोल्हापुरी साज डोळ्यापुढे आणा. त्याच्या पानांत मासा असतो, कासव असतं. पातळ पत्र्यावर आकार उठवायचा, आत लाख भरायची, असं ते काम. हा साज मोडायला नेला की सोनार कस बघतो, लाख वजा करतो, घट धरतो. घडणावळ काही परत मिळत नाही. म्हणजे ज्या माशासाठी कारागिरानं डोळे शिणवले त्याचा भाव शून्य, आणि तराजूतल्या माशाचा तेवढा रोख. आपल्या भागात दुसऱ्या माशानं पहिल्याला गिळलेलं आहे. संग्राहकांवर माझा आक्षेप आहे तो इथंच. ते उरलेला दागिना बघतात, मोडलेला बघत नाहीत.

आमच्या घरातलं सांगतो. आजीची एक वाकी होती, तोंडाशी नागाचा फणा. १९७२ च्या दुष्काळात ती मोडली. नंतर आजी खडी फोडायला गेली आणि घरात मिलो ज्वारीच्या भाकरी आल्या. सोनाराची चिठ्ठी माझ्या मायनं बरीच वर्षं जपली होती. तिच्यावर वजन होतं, रक्कम होती. नाग कुठंच नव्हता. त्याचे डोळे माणकाचे होते की साध्या लाल खड्याचे, यावर आमच्याकडं अजून वाद होतो. वाकी बघितलेलं आता कुणी राहिलं नाही.

आता संग्राहकांची भाषा बघा. युरोपातल्या जुन्या दागिन्यांच्या बाजारात अशा जिनसांना ‘नॉव्हेल्टी’ म्हणतात, म्हणजे नवलाईची, गमतीची वस्तू. माशी, बेडूक, कुत्र्याचं तोंड. राणी व्हिक्टोरियाला अल्बर्टनं वाङ्निश्चयाला पाचूची नागाकृती अंगठी दिली, आणि तिकडं नाग म्हणजे कधी न संपणारं प्रेम असा अर्थ रूढ झाला. ठीक आहे, तो त्यांचा नाग. आपला नाग शेताचा राखणदार. नागपंचमीला आपण जमीन खणत नाही, नांगर धरत नाही, कित्येक घरांत तवासुद्धा चुलीवर चढत नाही. हे दोन नाग एकाच खणात ठेवून वर ‘सर्प’ अशी चिठ्ठी लावली, की आपला नाग दुसऱ्यांदा मोडला असं मी म्हणतो.

मग ग्रंथांत काय सापडतं? ऑपी उंट्राख्ट यांचा भारतीय पारंपरिक दागिन्यांवरचा ग्रंथ १९९७ चा, उषा बाळकृष्णन आणि मीरा सुशील कुमार यांचा ‘डान्स ऑफ द पीकॉक’ १९९९ चा. दोन्ही मोठी कामं आहेत, अभ्यासकाला टाळता येणार नाहीत. पण कुठल्याही ग्रंथाला उरलेल्या वस्तूवरच बोलता येतं. आणि उरतं कुणाचं? निजामाचं. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण त्याच्याच राज्यात होतो. त्याचे १७३ दागिने भारत सरकारनं १९९५ साली सुमारे २१८ कोटींना घेतले. ते देशाकडं राहिले, बरंच झालं. पण एक साधी गोष्ट विसरू नये : पाऊस पडला नाही म्हणून राजाला वाकी मोडावी लागत नाही.

याच्या उलट पुण्याचं केळकर संग्रहालय बघा. दिनकर केळकरांनी घरोघरच्या वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्य सरकारला दिला. तिथले अडकित्ते बघत उभं राहावं, इतके नाना आकारांचे आहेत. ते का टिकले? लोखंड-पितळ मोडून हाती काय लागणार? आपल्या शेजारच्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी प्राचीन तगर नगरीचे अवशेष गोळा केले. तिथं माती टिकली, हस्तिदंत टिकला, दगडी मणी टिकले. सोन्याला मात्र त्याची किंमतच भोवली.

मग सोनं मोडूच नये का? असं मी कुणालाही सांगणार नाही. लेकराच्या फीसाठी, दवाखान्यासाठी दागिना मोडणाऱ्या बाईला कलेचा इतिहास ऐकवणं हा उद्धटपणा आहे. दागिना अडीनडीला मोडण्यासाठीच तर केलेला असतो. माझं मागणं लहान आहे. सोनाराकडं जायच्या आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कुणी घातला, कुठं घडवला, त्याला घरात काय म्हणत होते, हे वहीच्या एका पानावर लिहा. आणि म्हातारं माणूस सांगेल तेच नाव लिहा.

संग्राहकांना दोन गोष्टी. शंभर वर्षांवरची कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, ती परदेशी पाठवता येत नाही. सोन्यात मढवलेलं खरं वाघनख दिसलं तर वन्यजीव कायदा आधी वाचा, मग हात लावा. आणि दागिना विकत घेताना देणाऱ्या बाईला तिची गोष्ट विचारा. तुमच्या कपाटात आजीच्या वाकीसारखी एखादी वाकी असेलही. पण ती कुणाची, कुठल्या गावची, कुठल्या सालच्या दुष्काळात घरातून निघाली, हे तुम्हाला सांगता आलं नाही, तर तुमच्याकडंही फक्त वजनच आहे.